कित्ता कुणाचा गिरवायचा?

‘कुणाची नक्कल करू नकोस, स्वतःसारखी राहा.’ नवीन काही शिकायला घेतलं की हा सल्ला हमखास मिळतो. मलाही मिळाला, अगदी प्रेमाने मिळाला, आणि त्यापायी माझी काही वर्षं वाया गेली, हे आज मी स्पष्टच सांगते. चार लोकांसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडायची, पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसलं जायचं. अशा माणसाने स्वतःसारखं राहायचं म्हणजे घाबरलेलंच राहायचं ना?

अक्षर कसं शिकलो आपण? कित्ता गिरवून. दुसऱ्याच्या वळणावरून शंभरदा पेन्सिल फिरवली, तेव्हा कुठे आपलं वळण आलं. लहान वयात कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात असत. पुढे बी. आर. देवधरांकडे त्यांचं रीतसर शिक्षण झालं, आणि आज आपण म्हणतो की त्यांची गायकी दुसऱ्या कुणासारखीच नाही. नक्कल केल्याने स्वत्व जातं, हे मला पटत नाही ते यामुळेच.

पण नक्कल कुणाची करायची, इथे मी चुकले होते. मी थेट नामवंत वक्त्यांची भाषणं लावून बसायचे. त्यांचे हातवारे, आवाजातला चढउतार, टाळ्या घेणारी वाक्यं, सगळं आरशासमोर करून बघायचे. दर वेळी आरशापासून दूर होताना एकच भावना असायची, ही माणसं कुठे आणि मी कुठे. त्यांच्यात मला माझ्या कामाचं काही सापडतच नव्हतं, कारण ते कधी अडखळताना दिसायचे नाहीत. आणि माझा प्रश्न तर अडखळल्यावर काय करायचं हाच होता.

तो सुटला आमच्या विभागातल्या एका ताईंमुळे. त्या काही फर्डं बोलत नाहीत. एका बैठकीत मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातातल्या कागदाचा कोपरा थरथरताना मला दिसला. त्यांनी तो कागद शांतपणे टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडेवर दोन बोटं टेकवली. थरथर थांबली. कागदावर वर मोठ्या अक्षरात फक्त पहिलं वाक्य पूर्ण लिहिलेलं होतं, खाली नुसते शब्द. ते वाक्य त्यांनी सरळ वाचून टाकलं आणि मग मान वर केली. पुढे कुणीतरी खोचक प्रश्न विचारला. ताई म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्हाला खर्चाबद्दल विचारायचंय, की वेळेबद्दल?’ समोरचा उत्तर देईपर्यंत त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला.

हे मी करू शकते, असं मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पुढच्या बैठकीत मी त्यांचं सगळं जसंच्या तसं उचललं. कागद टेबलावर, दोन बोटं कडेवर, पहिलं वाक्य वाचून, प्रश्न आला की उलटा प्रश्न. आवाज कापलाच, पण मी मधेच खाली बसले नाही.

असं का होतं, याचं उत्तर मला नंतर वाचताना मिळालं. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ ही खात्री काही ठरावीक वाटांनी येते. सगळ्यांत भक्कम वाट म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना बघणं. यात ‘आपल्यासारख्या’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. 1985 मध्ये शंक आणि हॅन्सन यांनी वजाबाकी अवघड जाणाऱ्या मुलांवर एक अभ्यास केला. शिक्षकाला गणित सोडवताना बघितलेल्या मुलांपेक्षा आपल्याच वयाच्या मुलाला बघितलेल्यांचा आत्मविश्वास जास्त वाढला, आणि गणितंही त्यांना जास्त जमली. शिक्षकाला येणारच, त्यात आपल्यासाठी काय बातमी आहे? शेजारच्या मुलाला आलं, ही बातमी असते.

त्याहून मला आवडतो तो बंडुराचा 1969 चा सापांच्या भीतीवरचा प्रयोग. काहींना दुसरे लोक साप हाताळतानाची फिल्म दाखवली. काहींच्या समोर एका व्यक्तीने प्रत्यक्ष साप हाताळला, मग त्यांनाही सोबत घेऊन पायरीपायरीने करायला लावलं. आधी हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. सर्वांत जास्त फायदा या दुसऱ्या गटाला झाला. म्हणून रोज दहा प्रेरणादायी व्हिडिओ बघणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, बघून झालं की त्याच दिवशी त्यातलं एक काहीतरी हाताने करा. नुसतं बघण्याने उमेद येते, पण सकाळपर्यंत ती ओसरते.

एक धोका मात्र आहे. मी ताईंचं ‘बरं का’सुद्धा उचललं होतं, दर तिसऱ्या वाक्याला. मैत्रिणीने सांगितलं तेव्हा लक्षात आलं. लकब सगळ्यांत आधी चिकटते, कारण ती वरवर दिसते. कागद टेबलावर का ठेवला, हे मात्र विचारावं लागतं. मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘हात थरथरतात गं माझे, अजूनही.’ एवढ्या वर्षांनंतरही! त्या एका वाक्याने मला जितका धीर दिला, तितका कुठल्याच कौतुकाने दिला नसता.

सध्या मी माझ्याहून वयाने बऱ्याच लहान असलेल्या एका सहकाऱ्याकडून विरोध कसा नोंदवायचा ते शिकते आहे. तो आधी समोरच्याचं जे पटलंय ते नेमकं सांगतो, मग थांबतो, आणि आवाज खाली आणून ‘पण’ म्हणतो. गेल्या आठवड्यात मी तसं करून पाहिलं. पटलेलं सांगितलं, थांबलेही, पण ‘पण’ म्हणताना आवाज चढलाच. सोमवारी पुन्हा बैठक आहे, मी त्याच्या समोरची खुर्ची धरणार आहे.