३६९ जणांची शर्यत आणि आपला मेळघाट

गावाकडं फोन लावला की हल्ली कपाशीच्या भावाच्या आधी हाच विषय निघतो. अमरावती-नागपूरकडच्या काही धावणाऱ्या पोरांना मेळघाटच्या जंगलातून पन्नास आणि शंभर किलोमीटरची अल्ट्रा रेस, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांब पल्ल्याची शर्यत, घ्यायची आहे, आणि फॉरेस्टवाले म्हणून राहिले की आतल्या कच्च्या रस्त्यांवर परवानगी नाही, घ्यायची तर डांबरी रोडवर, दिवसाउजेडी आणि मोजक्या लोकांची. यावरून आमच्या घरातच दोन पार्ट्या पडल्या. पुतण्या स्वतः धावतो, तो म्हणतो काका तुम्ही अमेरिकेत राहता, तिकडं सगळ्या जंगलांत शर्यती होतात, तुम्हीच सांगा या लोकांना. मोठ्या भावाचं, म्हणजे त्याच्या बापाचं, वावर परतवाड्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून. त्याचं म्हणणं, "आमाले सरपणाची काडी आणू देत नाई, अन् या शहरातल्या लोकायले पळाले अख्खं जंगल पायजे काय?" फोनवर दोघांशी नीट बोलणं होत नाही, एकाशी बोलायला लागलं की दुसरा मध्येच फोन घेतो, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

तर पुतण्याचं आधी. अमेरिकेत कुठंही धावा, कोणी अडवत नाही, हा समज पूर्ण चुकीचा आहे आणि आपल्याकडच्या धावणाऱ्यांमध्ये तो फार पसरलाय. मी राहतो सॅक्रामेंटोला. इथून तासाभराच्या अंतरात ऑबर्न नावाचं छोटं गाव आहे, जगातली सगळ्यात जुनी समजली जाणारी १०० मैलांची ट्रेल रेस, म्हणजे रानवाटेवरची शर्यत, वेस्टर्न स्टेट्स, तिथल्या शाळेच्या मैदानावर संपते. मुळात ही घोड्यांची शर्यत होती, १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा माणूस घोड्याशिवाय त्याच वाटेवर उतरला आणि २४ तासांच्या आत पायी पोचला, १९७७ पासून माणसांची वेगळी रेस सुरू झाली. आज या रेससाठी दरवर्षी दहा हजारांच्या आसपास लोक अर्ज करतात. धावायला मिळतं किती जणांना? ३६९.

हा आकडा कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. वाटेचा सुरुवातीचा काही भाग ग्रॅनाइट चीफ नावाच्या डोंगराळ रानातून जातो, १९८४ साली कायदा करून ते रान विल्डरनेस म्हणून, म्हणजे माणसाची ढवळाढवळ नको असलेलं रान म्हणून, राखीव झालं, आणि विल्डरनेसमध्ये स्पर्धा घ्यायला वनखात्याची बंदीच आहे. फक्त ही रेस आधीपासून होती म्हणून तिला सूट मिळाली, पण त्या वर्षी जेवढे धावले तेवढ्यांवरच आकडा बांधला गेला. चाळीस वर्षं होऊन गेली, अर्ज कितीतरी पटींनी वाढले, रेस जगप्रसिद्ध झाली, मोठमोठे स्पॉन्सर आले, आकडा तिथंच आहे. लोक वर्षानुवर्षं लॉटरीत नाव टाकतात, नाव निघत नाही, पुन्हा टाकतात, आणि आकडा वाढवा म्हणून कोणी रस्त्यावर बसत नाही.

या विल्डरनेसच्या भागात तर वाटेवर पडलेलं झाड कापायला चेनसॉसुद्धा चालत नाही, दोन माणसं दोन बाजूंनी धरून ओढतात ती आरी वापरावी लागते. सायकलला बंदी. आणि धावणाऱ्याला नुसती फी भरून सुटका नाही, आठ तास स्वयंसेवकाचं काम केल्याशिवाय रेसमध्ये उतरता येत नाही, मग ते वाट दुरुस्तीचं असो नाहीतर पाण्याच्या स्टेशनवर उभं राहायचं. मी वाट दुरुस्तीला गेलेलो आहे. पावसाचं पाणी वाटेवरून वाहत जाऊन माती धुऊन नेऊ नये म्हणून आडवे चर काढायचे, दगड बसवायचे, अगदी आपण वावरात बांध घालतो तसंच. माझ्या बाजूला हातात कुदळ घेऊन जी बाई खोदत होती ती शंभर मैलांच्या रेस पूर्ण केलेली होती आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला हे फार मोलाचं वाटतं. जिथं पळायचं तिथली माती आधी हातानं भरायची.

बाकीच्या ठिकाणीही तेच. कोलोरॅडोतली हार्डरॉक घ्या, शंभर मैल, डोंगरांचा कस काढणारी, धावणारे दीडशेच्या आतबाहेर. टेनेसीतली बार्कली एका स्टेट पार्कमध्ये होते, जेमतेम चाळीस जण, २०२४ मध्ये जॅस्मिन पॅरिस ही ती पूर्ण करणारी पहिली बाई ठरली, ६० तासांच्या मुदतीत दीड-दोन मिनिटं उरली असताना. ग्रँड कॅन्यनच्या एका कडेवरून खाली उतरून दुसऱ्या कडेवर चढायची फॅशन निघाली, एका दिवसात झुंडीच्या झुंडी जायला लागल्या, वाटेवर कचरा, संडासांची वाईट अवस्था, तेव्हा २०१४ पासून पार्कनं बारा ते तीस लोकांच्या ग्रुपला परमिट सक्तीचं केलं, तीसच्या वर नाहीच. आणि ग्रँड टेटनवर २०२४ मध्ये एका नामी धावपटूनं विक्रम केला पण उतरताना बंद केलेल्या शॉर्टकटनं गेला, तर त्याच्यावर थेट कोर्टात केस झाली.

म्हणजे पुतण्या, अमेरिकेचं नाव सांगून फॉरेस्टवाल्यांशी भांडू नको. ते नाव त्यांच्याच बाजूनं जातं.

पण मग इथलं तसंच्या तसं उचलून मेळघाटात लावा, असंही मी म्हणणार नाही, आणि इथं माझं इथल्या भारतीय मित्रांशी जमत नाही, कारण ते म्हणतात जंगल म्हणजे जंगल, माणूस बाहेर काढा, कुंपण घाला, प्रश्न मिटला. अमेरिकेत जंगल "रिकामं" दिसतं कारण ते रिकामं केलं गेलं. योसेमिटीच्या खोऱ्यात १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी घुसली आणि तिथल्या आवानीची लोकांना हाकललं, जे थोडे परत येऊन राहिले त्यांची शेवटची घरं १९६९ मध्ये पाडली. आज तिथं फिरायला गेलं की इतकं शांत, इतकं सुंदर वाटतं, आणि मला प्रत्येक वेळी आपली कोरकू आदिवासींची गावं आठवतात. मेळघाट १९७३-७४ मध्ये पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, बोरी, कोहा, कुंड ही गावं बाहेर आणून बसवली, त्यानंतर आणखी उठली. गेलेल्यांपैकी काही म्हणतात रोड मिळाला, शाळा मिळाली, काही म्हणतात देव तिकडंच राहिले. दोन्ही खरं आहे. आपल्याकडं जंगलावर कोण धावणार हे ठरवायच्या आधी जंगलात कोण राहतं ते बघावं लागतं, आणि आपल्याकडं त्यासाठी कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा, तसा अमेरिकेत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये त्याच्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवले. आपल्याच अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावानं उघडं पडलेलं जंगल सांभाळून उभं केलं आणि त्यातली सीताफळं विकली. ज्या गावानं झाड वाढवलं त्या गावाला विचारल्याशिवाय तिथून पाचशे लोक पळत जाणं मला पटत नाही, परवानगीचा कागद कितीही वरच्या ऑफिसातून आलेला असो.

आता मोठ्या भावाचं. त्याचा राग नुसता धावणाऱ्यांवर नाही, तो सगळ्यांवर आहे, आणि तो रास्त आहे. वाघाच्या भागात पायदळ जाणं म्हणजे काय हे विदर्भाला सांगायची गरज नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात पायी सर्वे करणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं, प्रशिक्षण घेतलेली, ड्युटीवर असलेली, सोबत माणसं असलेली. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. या ऑबर्नच्या वाटांवरही १९९४ मध्ये एकटी धावणारी बाई पहाडी सिंहानं, म्हणजे प्यूमानं, मारली होती, तरी दोन वर्षांनी मतदान झालं तेव्हा कॅलिफोर्नियाच्या लोकांनी सिंहाच्या शिकारीवरची बंदी उठवायला नकार दिला, याचा मला आदर आहे. पण फरक लक्षात घ्या राजेहो, कॅलिफोर्नियात शंभर वर्षांत असे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात एका वर्षात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. इथलं धाडस तिथं लागू पडत नाही. आणि एखादा धावणारा जखमी झाला तर दुसऱ्या दिवशी शोधमोहीम, पिंजरा, वाघाला पकडा म्हणून मोर्चा, हे सगळं गावाच्या अंगणात होणार, धावणारे तर रविवारी रात्रीच घरी पोचलेले असणार.

पण त्याच बरोबर मी फॉरेस्टवाल्यांनाही विचारतो, की पायानं जाणाऱ्याला जी पट्टी लावता ती चाकावर जाणाऱ्याला लावता का? २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले, व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जिप्सीला गेटवर आकडा ठरलेला असतो, तरी हे झालं. मग पुतण्यासारख्या पोराला वाटणारच की पैसेवाल्यांच्या गाड्या चालतात, आमचे पाय चालत नाहीत. हे त्याचं बोलणं मला खोडता येत नाही.

आणि गर्दीला, पायी गर्दीला, जंगलात वेळ बांधून देणं आपल्याला नवीन नाही. नागद्वारला कोण जातं? आपलीच माणसं, निम्मा विदर्भ. पचमढीच्या मागची ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे, वर्षभर बंद, नागपंचमीच्या आधीचे मोजके दिवस उघडते, पावसात, चिखलात, लोखंडी शिड्यांवरून म्हाताऱ्या बाया चढतात आणि "हर हर महादेव" करत उतरतात. माझी आईही गेलेली आहे, टोंगळे दुखत असताना. तेवढे दिवस झाले की वाट पुन्हा बंद, आणि कोणी म्हणत नाही की आमच्या श्रद्धेवर निर्बंध आले. मागं राहतं ते प्लॅस्टिक, त्याच्याबद्दल मात्र आपण बोलत नाही, आणि बोललं पाहिजे. रेसवाल्यांच्या, धावताना खायच्या एनर्जी जेलच्या पाकिटांबद्दल बोलायच्या आधी.

माझं मत विचाराल तर रेस व्हावी, पण कोअरमध्ये, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या जंगलात, कधीच नाही, कितीही मोठ्या माणसाची शिफारस असली तरी नाही. बाहेरच्या जंगलात, जिथून गावांचे रोजचे जायचे यायचे रस्ते आहेत, तिथं व्हावी. आकडा आधी ठरवावा, पहिल्या वर्षी शंभर-दीडशे, आणि तो छापून लावावा, का ठरवला तेही लिहून, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाच्या फोनवर तो बदलणार नाही. ज्या ज्या गावच्या शिवारातून वाट जाते त्या ग्रामसभेनं हो म्हटलं तरच. मार्च ते मे तर विचारच नको, मोहफुलं वेचायला लोक पहाटे अंधारात निघतात, मे मध्ये तेंदूपत्ता, आणि १५ फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा सीझन, त्यात होळीला कोरकू माणूस कामावरून कुठूनही घरी येतो, त्याच्या सणात आपली रेस घुसवायची नाही. डिसेंबर बरा.

एक गोष्ट माझ्या मनात फार दिवस आहे. रेस असली की ठराविक अंतरावर अ‍ॅम्ब्युलन्स उभी करतात, डॉक्टर असतो, सलाइन असते. मेळघाटातल्या कुपोषणावर आणि बाळंतिणींच्या मृत्यूंवर हायकोर्टात किती वर्षं सुनावण्या चालू आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. रेसच्या दिवशी एखाद्या गावात बाई अडली तर ती रेसची अ‍ॅम्ब्युलन्स आधी तिला नेईल, रेस थांबली तरी चालेल, हे परवानगीच्या कागदावर लिहिलेलं असावं. आयोजक पोरं चांगली आहेत, ती नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं, पण लिहिलेलं असावं. २०२१ मध्ये चीनच्या गान्सूमध्ये १०० किलोमीटरच्या रेसमध्ये अचानक थंडी-पाऊस-वारा आला आणि २१ धावपटू मेले, त्यात सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे, तो त्या भागातला होता, गुहा कुठं आहे त्याला माहीत होतं. आपल्याकडं गवळी आहेत, कोरकू आहेत, फायर वॉचर म्हणून, वणव्यावर नजर ठेवायला, रोजंदारीवर राबणारी पोरं आहेत, त्यांना नुसतं केळी-पाणी वाटायला उभं करू नका, वाट त्यांना ठरवू द्या आणि त्याचा पूर्ण पगार द्या.

राहिली रात्रीची गोष्ट. शंभर किलोमीटर म्हटलं की बहुतेकांची रात्र होणार, आणि पुतण्याला तीच रेस पाहिजे, हेडलॅम्पचा खर्चही करून बसलाय. इथं मी पूर्ण त्याच्या बापाच्या बाजूनं आहे. आमच्या घरची माणसं डुकरं हाकलायला रात्री जागलीला जातात ती नाइलाजानं जातात, तूर राखायची असते म्हणून. पन्नासची रेस सकाळी उजाडल्यावर सोडा, सूर्य मावळायच्या आत शेवटचा माणूस बाहेर काढा, आणि ज्याला शंभर पळायचेच आहेत त्यानं दोन दिवसांत पन्नास-पन्नास पळावे, मधली रात्र गावात मुक्काम करावा, ज्याच्या घरी राहील त्याच्या हातात जेवणाचे आणि राहण्याचे पैसे थेट द्यावेत.