बटाट्याच्या पाककृती आणि युद्ध: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी युद्धकाळातल्या बीबीसीच्या एका दिवसावर लिहिलं होतं. १९४१ च्या हिवाळ्यातला एक साधा कामाचा दिवस घेऊन, सकाळी सातच्या बातम्यांपासून रात्री उशिरापर्यंत होम सर्व्हिस या बीबीसीच्या देशांतर्गत वाहिनीवर काय काय लागायचं ते. त्याखाली 'परखड' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं: लेख साहेबाच्या प्रेमात पडून लिहिलाय, सेन्सॉर लपवलाय, बंगालच्या दुष्काळाबद्दल चकार शब्द नाही, फोर्सेस प्रोग्राम या सैनिकांसाठीच्या वाहिनीला जेमतेम दोन ओळी दिल्यात, कारखान्यांसाठीची गाणी म्हणजे टाइमपास. आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत: "बॉम्ब पडत असताना बटाट्याच्या पाककृती सांगणारा रेडिओ म्हणजे बायकांना गुंतवून ठेवायचं सरकारी खेळणं. असल्या बायकी तपशिलात अर्धा लेख घालवायला लाज कशी वाटली नाही?"

परखडजी, मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. जुने वाचक साक्षीला आहेत. पण ओळखदेख नसलेल्या बाईची लाज काढायची, तीही टोपणनावाआडून, याला परखडपणा म्हणत नाहीत. मुद्दा होता तर सरळ मांडायचा. तुमच्या प्रतिक्रियेतली निम्मी वाक्यं माझ्याबद्दल आहेत, लेखाबद्दल नाहीत.

एक गोष्ट मान्य करते. फोर्सेस प्रोग्रामला जास्त जागा द्यायला हवी होती. १९४० च्या सुरुवातीला तो फ्रान्समधल्या ब्रिटिश सैनिकांसाठी सुरू झाला आणि बघता बघता घराघरातले लोकही तोच लावू लागले, कारण त्यावर हलकंफुलकं जास्त असायचं. त्यावर स्वतंत्र लिहीन.

आता बटाटे.

त्या पाककृती सांगणारा 'किचन फ्रंट' हा कार्यक्रम १९४० च्या जूनमध्ये सुरू झाला. आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला, जेमतेम पाच मिनिटं. वेळ मुद्दाम तीच, कारण त्यानंतर बायका पिशवी घेऊन दुकानाच्या रांगेत उभ्या राहायला निघायच्या. त्या पिशवीत काय यायचं? जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं तेव्हा माणशी आठवड्याला लोणी चार औंस. जुलैपासून चहाची पत्ती दोन औंस, म्हणजे साधारण सत्तावन्न ग्रॅम. आठवड्याला! आपल्याकडे पाहुणे आले तर एका संध्याकाळी संपेल एवढी. १९४१ च्या मे महिन्यात चीज रेशनवर आलं तेव्हा एक औंस. हे सगळं का, तर युद्धाआधी ब्रिटनचं निम्म्याहून जास्त अन्न बोटीने यायचं आणि त्या बोटी जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. बटाटा मात्र त्यांच्याच मातीत पिकत होता आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्यावर रेशन आलं नाही. घरातल्या बाईने परदेशी गव्हाऐवजी बटाट्यावर पोरांचं पोट भरलं की तेवढी बोटीतली जागा मोकळी व्हायची. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांच्या खात्याने बीबीसीसोबत हा कार्यक्रम चालवला. ते खेळणं नव्हतं, परखडजी. तो पुरवठ्याचा मोर्चा होता आणि तो बायका लढवत होत्या.

आणि हे सांगायला कोण यायचं? एल्सी आणि डोरिस वॉटर्स या सख्ख्या बहिणी, गर्ट आणि डेझी या नावाने रंगभूमी गाजवणाऱ्या. त्या लंडनच्या साध्या वस्तीतल्या बायकांसारख्या एकमेकींशी गप्पा मारत पाककृती सांगायच्या. रेडिओ डॉक्टर म्हणून चार्ल्स हिल यायचे आणि पोट साफ राहण्याबद्दल न लाजता बोलायचे. सरकारी हुकूम ऐकवण्यापेक्षा शेजारणीच्या आवाजात सांगितलेलं लोक ऐकतात, हे ज्यांना कळलं त्यांना मी हुशारच म्हणेन.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, वडील गिरणीत होते. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आणलेली ज्वारी, यायची. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवायचं आणि कोमट असतानाच मळायचं, हे आईने आकाशवाणी मुंबई केंद्राच्या 'वनिता मंडळा'त ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत तसंच पीठ भिजलं. त्या दिवसांत चार पोरांना उपाशी न झोपवणं हे तिचं काम होतं. याला कुणी बायकी तपशील म्हणालं असतं तर तिने लाटणं हातात घेऊन उत्तर दिलं असतं. मी लिहून देते आहे, एवढाच फरक.

"बॉम्ब पडत असताना" हे शब्द तर तुम्ही असे टाकलेत, जणू बीबीसीतल्या लोकांना बॉम्ब माहीतच नव्हते. १५ ऑक्टोबर १९४० ला खुद्द ब्रॉडकास्टिंग हाउसवर, म्हणजे बीबीसीच्या लंडनमधल्या मुख्य इमारतीवर, बॉम्ब पडला. रात्री नऊच्या बातम्या चालू असताना तो फुटला, इमारतीतली सात माणसं गेली. बातम्या वाचणारे ब्रूस बेलफ्रेज क्षणभर थांबले आणि पुढे वाचत राहिले. दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रमही झाले.

कारखान्यांसाठीचा 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा संगीताचा कार्यक्रमही खेळणं नव्हता. सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन, अर्धा अर्धा तास. कामाची लय मोडू नये म्हणून फार संथ वाल्ट्झ नको, आवाज यंत्रांच्या खडखडाटावर चढला पाहिजे, असे नेम होते. एका लोकप्रिय गाण्यात टाळ्यांची जागा होती, कामगार तिथे हातातली अवजारं ठोकतील म्हणून ते गाणंच वगळलं. इतका बारकाईने विचार केलेला कार्यक्रम तुम्हाला टाइमपास वाटतो. माझ्या वडिलांना आकाशवाणीवरची 'कामगार सभा' लागल्यावर कुणी रेडिओला हात लावलेला चालत नसे, त्यामुळे मला तसं वाटणं शक्य नाही.

बाकीचे मुद्दे. सेन्सॉर होता, कोण नाही म्हणतंय? हवामानाचा अंदाजसुद्धा युद्धभर प्रसारित होत नव्हता, शत्रूच्या विमानांना उपयोग होईल म्हणून. हे माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, हे तुम्हीच सांगा. बंगालचा दुष्काळ १९४३ चा, माझा दिवस १९४१ चा. तो विषय भयंकर मोठा आहे आणि कुणाच्या तोंडावर फेकायचा दगड म्हणून तो वापरू नये. आणि साहेबाचं प्रेम म्हणत असाल, तर शिरोळच्या वेणू चितळे त्याच काळात लंडनला बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, म्हणजे भारतासाठी प्रसारण करणाऱ्या विभागात, लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या आणि तिथून मराठीतही वार्तापत्रं जात होती. आपली माणसं त्या इमारतीत होती. तिथला दिवस कसा जायचा हे जाणून घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फोर्सेस प्रोग्रामवरचा लेख पंधरा दिवसांत येईल, त्यावर जरूर लिहा. लेखातली माहिती चुकीची असेल तर दाखवा, मी उत्तर देईन. माझी लाज काढणारी दुसरी प्रतिक्रिया मात्र इथे राहणार नाही.