जेवणाची बदली

जेवणाऐवजी भुकटीचा ग्लास पिऊन वजन उतरवण्याची पद्धत आपल्याला मानवेल की नाही, हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भुकटी विकणाऱ्यालाच विचारणे. दूधवाल्याला दुधात पाणी आहे का असे विचारून आपण आजवर कधी फसलो आहोत काय? लातुरात तर असे केंद्र फार शोधावेही लागत नाही. ज्या गाळ्यात पूर्वी प्लॉटच्या व्यवहारांचे कार्यालय होते आणि त्यानंतर काही दिवस विम्याचे होते, त्याच गाळ्यातून सकाळी सहा वाजता टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला की केंद्र सापडले असे खुशाल समजावे. चालक बहुधा तेच असतात. माल तेवढा बदललेला असतो.

आत गेल्यावर तुम्हाला अनवाणी एका काट्यावर उभे केले जाईल. हा काटा तळपायांतून अतिसूक्ष्म वीजप्रवाह सोडतो आणि त्यावरून अंगातील चरबीचा अंदाज बांधतो. तुम्ही पाणी किती प्यायला आहात आणि नुकतेच चालून आला आहात का, यानुसार तो अंदाज मागेपुढे होतो, ही गोष्ट चालकांना सांगून त्यांच्या उत्साहावर विरजण घालू नये. काटा शरीराचे वयही सांगतो. माझे वय ४७ असताना शरीराचे ६१ निघाले. म्हणजे नियत वयोमानाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त होऊन तीन वर्षे उलटली तरी बिचारे रोज कार्यालयात येऊन सही करत होते.

घरच्या घरी फुकटात होणारी मोजणी मात्र कटाक्षाने टाळावी. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा भारतीय माणसाच्या बाबतीत २३ च्या पुढे गेला तर वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला तर लठ्ठपणा असे धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी हे दोन टप्पे साधारण ६२.५ आणि ६८ किलोंवर येतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये, असेही सांगतात. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. पण टेपने मोजल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही, ही तिची मोठीच उणीव आहे.

आता मूळ योजना समजून घ्यावी. तिला ‘मील रिप्लेसमेंट’ म्हणतात. आम्हा कार्यालयीन माणसांच्या भाषेत ती जेवणाची बदली होय. पाच-सहाशे कॅलरींच्या जुन्या, मुरलेल्या जेवणाची बदली करायची आणि त्या पदावर दोनशे ते अडीचशे कॅलरींचा, प्रथिने, जीवनसत्त्वे व क्षार मोजूनमापून भरलेला एक ग्लास रुजू करून घ्यायचा, एवढेच तिचे स्वरूप आहे. भुकटीत चरबी जाळणारे काही नसते. जो फरक पडतो तो कमी खाण्यामुळे पडतो. तिचा खरा गुण असा की ती मोजलेली असते आणि तिला आग्रह करता येत नाही; ‘अजून अर्धा ग्लास घ्याच, माझ्या गळ्याची शपथ’ असे अजून तरी कोणी कोणाला म्हणत नाही. दिवसातील एका किंवा दोन जेवणांचीच बदली केली तर उरलेले जेवण नेहमीसारखे घ्यायचे असते. सगळ्याच जेवणांची बदली केली तर दिवसभराचा हिशोब आठशे कॅलरींच्या आसपास येतो आणि हा प्रकार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचा नसतो. केंद्रात मात्र दोन्हींना ‘पॅकेज’ हे एकच नाव आहे, त्यामुळे तुमचा गोंधळ होण्याचे कारण नाही.

परंतु ज्याने आयुष्यात एक तरी बदली पाहिली आहे त्याला ठाऊक असते की आदेश निघणे वेगळे आणि जुना माणूस कार्यमुक्त होणे वेगळे. माझ्या घरी रात्रीच्या जेवणाच्या बदलीचा आदेश १ डिसेंबरला निघाला. मी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून दोन चमचे भुकटी पाण्यात टाकली, झाकण लावून शेकर हलवला आणि तरीही तळाशी राहिलेल्या गुठळ्या चमच्याने फोडू लागलो. परातीत भाकरी थापत असलेल्या आईने माझ्याकडे पाहिले.

‘‘ही काय पेज पिऊ लालास रे? दुखणं आलंय का अंगात?’’

मी तिला प्रथिनांविषयी सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तव्यावरची फुगलेली भाकरी माझ्या ताटलीत टाकून, तिच्यावर शेंगदाण्याच्या चटणीचा डोंगर करून त्यात तेलाची धार सोडली. ‘‘ती पेज पी की, कोण नको म्हणतंय. तोंडाला चव म्हणून ही खा.’’ अशा रीतीने नवा कर्मचारी रुजू झाला, जुना खुर्ची सोडेना आणि तिजोरीवर दोघांच्या पगाराचा बोजा पडू लागला. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी साधारण दोनशे कॅलरींची असते, म्हणजे कॅलरींच्या बाबतीत एक ग्लास आणि एक भाकरी या समान वेतनश्रेणीतील पदे आहेत. प्रथिनांत ग्लास सरस ठरतो, चावण्यात आणि तंतूंत भाकरी. चटणीचा आणि तेलाचा भत्ता मात्र वेगळा लागतो. तेव्हा ही पद्धत आपल्याला जमेल का, असा प्रश्न पडलाच तर भुकटीच्या डब्यावरील मजकूर वाचू नये. आपल्या घरात भाकरी कोण थापते आणि ‘नको’ हा शब्द तिला कोणत्या अर्थाने ऐकू येतो, हे तपासावे. अर्थात हा तपास केल्यास डबा विकला जाण्याची शक्यता कमी होते, म्हणून केंद्रात तो करत नाहीत.

पहिल्या आठवड्यात माझे दोन किलो उतरले आणि केंद्रात मला पुढे बोलावून माझ्यासाठी टाळ्या वाजवण्यात आल्या. खाणे कमी झाले की शरीर आधी यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर खर्च करते आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे धरून ठेवलेले तीनेक ग्रॅम पाणी सुटते. पहिल्या आठवड्यातील घसघशीत घट ही बरीचशी या पाण्याची असते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी; ती सात दिवसांत दोन-दोन किलो जायला माणसाने जवळजवळ काहीच खाता कामा नये. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात दोन लिटर पाणी गमावल्याबद्दल माणसाचा सत्कार होतो, हे प्रगतीचे लक्षण मानावे.

केंद्राच्या भिंतीवर ‘विलायतेत ४६ टक्के लोकांचा मधुमेह गेला’ असा फलक होता. तो खोटा नव्हता, हे मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ नावाच्या ३०६ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ज्यांना ही पूर्ण बदलीची पद्धत दिली होती त्यांच्यापैकी ४६ टक्के जणांची साखर वर्षाअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. फलकाला जागा कमी असल्यामुळे बाकीचा मजकूर मावला नसावा. त्या लोकांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, त्यांच्यापैकी कोणीही इन्सुलिनवर नव्हते, त्यांच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली बंद केल्या होत्या, तीन ते पाच महिने त्यांना दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवले होते, मग दोन ते आठ आठवडे घेऊन अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले होते आणि त्यापुढेही त्यांची नियमित विचारपूस चालू होती. इतके सगळे करूनही दुसऱ्या वर्षाअखेर तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. आपल्या केंद्रात डॉक्टरांच्या जागी उत्साह असल्यामुळे निकाल याहून चांगला लागायला हरकत नसावी.

त्यातही तुम्हाला साखरेच्या गोळ्या चालू असतील तर एक पथ्य काटेकोर पाळावे: गोळ्यांविषयी केंद्रचालकांना सांगू नये आणि भुकटीविषयी डॉक्टरांना सांगू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत घेऊन जेवण निम्म्यावर आणले की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते आणि मग घाम, थरथर व चक्कर यांचा अनुभव घेताना आपल्याला भुकटी ‘लागू’ पडल्याचे समाधान मिळते. वजन फार झपाट्याने उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये असे सांगतात. केंद्रात मला त्यांच्यासाठी वेगळा स्वाद असल्याचे सांगण्यात आले.

इथे कोणी आगाऊ वाचक म्हणेल की लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा सल्ला सगळ्या महाराष्ट्राला फुकट दिला होता, मग पैसे कशाला मोजायचे? तो सल्ला सगळ्यांनाच मानवतो असे नाही. पण आमची खरी अडचण निराळी आहे. त्यात डबाच नाही. ज्या उपचाराची पावती दाखवता येत नाही त्याची माहिती पाहुण्यांना तरी कशी द्यायची?

उपक्रम सुरू करण्याचा मुहूर्त मात्र विचारपूर्वक निवडावा. मी २१ दिवसांचे पॅकेज घेतले आणि त्याच्या एकोणिसाव्या दिवशी वेळ अमावस्या आली. येळवशीला आमच्याकडे शहर ओस पडते, सगळे जण शेतात जातात आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात. मी तात्यांच्या शेतात खिशात भुकटीची पुडी आणि पिशवीत शेकर घेऊन गेलो. कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली होती. पळसाच्या पत्रावळीवर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि तिळाची पोळी वाढली जात होती आणि मडक्यातली आंबील तांब्यातांब्याने फिरत होती. मी बोअरच्या पाण्यात पुडी ओतून शेकर हलवू लागलो, तसे तात्या हातातला तांब्या खाली ठेवून पाहू लागले.

‘‘काय हाय त्यात?’’

‘‘सोया, दुधाची पावडर, जीवनसत्त्वं…’’

‘‘म्हंजे पीठच की,’’ तात्या म्हणाले. ‘‘आंबील बी पीठच हाय, ताकातलं. पर तिच्यासंगं भज्जी असती. तुझ्या पिठासंगं काय देत्यात?’’

माझ्या पिठासोबत एक मोबाइल ॲप दिले होते. ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही आणि पुढील अर्धा तास मी भज्जीकडे केवळ अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले, असे म्हटल्यास ते सत्याला धरून होणार नाही.

एकविसाव्या दिवशी काट्याने साडेतीन किलोंची घट दाखवली. भिंतीसमोर उभे करून माझा फोटो काढण्यात आला. बाविसाव्या दिवशी काय खायचे, हे विचारण्यासाठी मी केंद्रात गेलो तेव्हा पुढचा डबा घेण्याचा सल्ला मिळाला. अमेरिकेत ओप्रा विन्फ्रे यांनी १९८८ मध्ये द्रवाहारावर ६७ पौंड, म्हणजे जवळजवळ ३० किलो, वजन घटवले आणि तेवढीच चरबी एका छोट्या हातगाडीत घालून दूरचित्रवाणीवर ओढत आणली होती. पुढे ते वजन परत आले, हे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांच्यापाशी स्वयंपाकी होते, सल्लागार होते आणि हातगाडीसुद्धा होती. माझ्यापाशी फक्त बाविसावा दिवस होता, त्यात जानेवारी लागला, हुरडा आला, मेहुण्याच्या मुलीचे लग्न निघाले आणि बुंदीची बादली घेऊन पंगतीत फिरणारा वाढपी हा तर नेमका आमच्याच गावचा निघाला. होळीपर्यंत माझे चार किलो परत आले. साडेतीन माझेच होते. अर्धा किलो व्याज.

तेव्हा पद्धत योग्य आहे का हे ठरवताना बाविसाव्या दिवसाचा विचार अजिबात करू नये. तो पॅकेजमध्ये समाविष्ट नसतो.

गेल्या आठवड्यात केंद्रचालक रस्त्यात भेटले. माझ्या पोटाकडे पाहून ते नाराज होतील असे मला वाटले होते, परंतु त्यांचा चेहरा उजळला आणि तुम्ही आता स्वतःच ‘कोच’ का होत नाही, असे त्यांनी विचारले. मी संकोचून म्हणालो की माझे वजन तर परत वाढले आहे. त्यावर त्यांनी मला गाळ्यात नेले, भिंतीसमोर उभे करून एक फोटो काढला आणि समजावून सांगितले की त्यात काहीच अडचण नाही: आज काढलेला फोटो ‘आधी’च्या चौकटीत लावायचा आणि डिसेंबरात काढलेला ‘नंतर’च्या.