सहकुटुंब, सहपरिवार आणि समधुमेह

मधुमेहाचे निदान झाले की मराठी घरात पहिला हुकूम सुटतो तो "आजपासून गोड बंद" असा, आणि घरातला प्रत्येक जण स्वतःपुढची खीर संपवता संपवता त्याची अंमलबजावणी अतिशय कर्तव्यकठोरपणे करतो. रुग्णाच्या चहातली साखर जाते, प्रसादाच्या पेढ्यावरचा त्याचा हक्क रद्द होतो, आणि एवढे झाल्यावर सर्वांच्या डोक्यावरचे ओझे उतरून त्याच्या पानात पोळ्यांची चवड, बटाट्याची सुकी भाजी आणि वरणभाताची भरघोस मूद निर्धास्तपणे वाढली जाते. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच रेणूंची लांबलचक साखळी असून लाळेतल्या अमायलेजमुळे ती तोंडातच तुटू लागते, हे मी अकरावी-बारावीच्या असंख्य तुकड्यांना पटवले. माझ्या घरातल्या माणसांना मात्र ते अजून पटायचे आहे.

आपला स्वयंपाकच मुळी पिष्टाला पिष्ट तोंडी लावणारा. बटाटा बेसनात बुडवून तळायचा आणि तो पावात भरायचा. पोह्यांत बटाटा घालायचा. आणि पोटाला विश्रांती म्हणून जो उपास धरायचा, त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत पुन्हा बटाटाच घालायचा. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण रचणाऱ्याजवळ ग्लुकोमीटर नव्हता, तरी त्याचे निरीक्षण बिनचूक होते असेच म्हणावे लागेल. दुसरी श्रद्धा भाकरीविषयी. "भाकरी कितीही खा, तिने साखर वाढत नाही," असे आमच्या सोसायटीतल्या काकू मला जिन्यात गाठून सांगतात. ज्वारीचे पीठ काय आणि गव्हाचे पीठ काय, दोन्हींत १०० ग्रॅममागे कर्बोदके पासष्ट-सत्तर ग्रॅमच्या आसपासच असतात, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितले, त्यावर त्यांनी "अहो, पण आपली भाकरी हो!" असे उत्तर दिले, आणि 'आपली' या मूलद्रव्यापुढे माझे रसायनशास्त्र संपले.

घरी मी आता कमी कर्बोदकांचे जेवते. पानात एक लहान फुलका, पालेभाजी, पीठ पेरलेली ढोबळी मिरची, पनीर किंवा अंडी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असते. मधल्या वेळी मूठभर भाजलेले शेंगदाणे खाते. हा बदल डॉक्टरांना विचारून आणि त्यांच्याकडून गोळ्यांचे प्रमाण कमी करून घेऊनच केला, कारण जेवणातले पिष्ट कमी करायचे आणि गोळी पूर्वीचीच ठेवायची, म्हणजे साखर नको तितकी खाली जाण्याची सोय करून ठेवण्यासारखे असते. फ्लॉवर किसून त्याचा 'भात' करण्याचाही प्रयोग मी केला. माझ्या यजमानांनी तो भात वरण आणि तुपासह संपूर्ण संपवला, ताटाबाहेर चित्राहुती घातल्याप्रमाणे एक दीर्घ निःश्वास सोडला आणि "आता भात वाढ," असे शांतपणे सांगितले.

एवढे जमवून आयुष्य मार्गाला लागले होते, तोच नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते, तेही मे महिन्यात. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे जाण्याचा काळ. पत्रिकेवर 'सहकुटुंब, सहपरिवार येऊन' अशी आग्रहाची ओळ होती. माझ्या परिवारात इन्सुलिनचाही समावेश होतो, याची पत्रिका छापणाऱ्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मधुमेही माणूस प्रवासाला निघतो, तेव्हा कपड्यांना उरलेल्या जागेत बसावे लागते. आधी ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, टोचण्यासाठीच्या सुया, इन्सुलिनची पेने, पेनांच्या सुया, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. त्यातही नियम असा की लागेल त्याच्या दुप्पट औषध घ्यावे आणि ते दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावे, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी राहते. विमानाने जाणाऱ्यांनी तर ते जवळच्याच पिशवीत ठेवायचे असते, कारण सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठू शकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरात असलेले पेन तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. नागपूरच्या मेमध्ये तीस अंश कोठे आढळतात, हे मला भावाला विचारावेसे वाटले. अखेरीस मुलाने पाण्यात भिजवून वापरायची एक थंड पिशवी आणून दिली. तिच्यातले स्फटिक पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी जसजसे वाफ होऊन जाते तसतसा आतला भाग माठासारखा थंड राहतो. बाष्पीभवन कोरड्या हवेत जोरात होत असल्यामुळे ही पिशवी मुंबईपेक्षा नागपुरात चांगली चालते. विदर्भाचा उन्हाळा माझ्या माहितीत मानवला तो एवढ्या या पिशवीला.

या सगळ्या सरंजामात माझी खरी अडचण करते ती पर्समधली ग्लुकोजची डबी. ज्या बाईने साखरेचा कणही खायचा नाही, तिने साखर घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, असे हे शास्त्र आहे. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, लगेच घ्यायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. चॉकलेट त्या वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. हे सर्व तर्काला धरून आहे, परंतु पर्समधून रुमाल काढताना ती डबी बाहेर डोकावली, की समोरच्याच्या चेहऱ्यावर "सापडलात!" असा जो भाव उमटतो, त्याला तर्काने उत्तर देता येत नाही.

आम्ही कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. ही गाडी महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते आणि वाटेत राज्याची सगळी पिष्टसंपदा प्रवाशाच्या मांडीवर आणून ठेवते. मी उकडलेली अंडी, मुगाची धिरडी, काकड्या आणि शेंगदाणे बरोबर घेतले होते. अंड्यांचा डबा उघडताच समोरच्या बाकावरच्या आजींनी नाकाला पदर लावला, आणि पदर लावूनच त्यांनी मला दुधातल्या दशम्या व गुळाचा खडा देऊ केला. मी मधुमेहाचे कारण सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, गुळाला काय होतंय? गूळ म्हणजे काय साखर आहे?" गूळ हा मुख्यतः साखरच असतो, हे सांगण्यापूर्वीच उरलेल्या डब्याने माझ्या आजाराचा ताबा घेतला होता. कोणी कारल्याचा रस सुचवला, कोणी जांभळाच्या बियांची पूड, कोणी रात्रभर भिजवलेल्या भेंडीचे पाणी. एका गृहस्थांनी तर कडुलिंबाच्या पानांवर आपल्या मेहुण्याचे इन्सुलिन सुटल्याचे सांगितले, आणि मेहुणे आता कसे आहेत असे विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले. जळगावला यजमानांनी केळी घेतली. शेगावला कचोऱ्या आल्या. माझ्या वाट्याला आल्या काकड्या आणि कचोरीचा वास. वासात कर्बोदके नसतात, एवढा आधार विज्ञानाने मला ठेवला आहे.

माहेरी पोचल्याबरोबर मी इन्सुलिनचे न उघडलेले पेन भावजयीच्या हाती दिले आणि ते फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले. ती अतिशय मायाळू बाई आहे. नणंदेचे औषध साध्या फ्रीजमध्ये ठेवणे तिच्या मनाला पटेना, म्हणून तिने ते वरच्या बर्फाच्या कप्प्यात, मँगो कुल्फीच्या साच्यांशेजारी, सन्मानाने ठेवले. "ताई, एकदम थंडगार ठेवलं बरं का, उन्हाळा लय होऊन राहिला न!" असे तिने दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या समाधानाने सांगितले, तेव्हा ते पेन कुल्फीइतकेच घट्ट झाले होते. इन्सुलिन हे प्रथिन आहे; एकदा गोठले की वितळल्यावर त्याचा भरवसा उरत नाही आणि ते टाकूनच द्यावे लागते. दोन पिशव्यांचा नियम ज्याने काढला, त्याच्याही घरी लग्न झाले असणार. यजमानांच्या बॅगेतले दुसरे पेन मी काढले आणि भावजयीला काही बोलले नाही. तिला ते कळले असते, तर भरपाई म्हणून तिने मला ती कुल्फी खायला लावली असती.

आग्रहाविषयी किती लिहावे? विदर्भातल्या आग्रहाला नकार हा विनंतीचाच एक प्रकार वाटतो. "एवढंसं घेऊन घ्या न ताई, काही नाही होत," असे म्हणत जे 'एवढंसं' पानात पडते, ते पुण्यातल्या तिघांना पुरावे. भावाने तर माझ्यासाठी खास 'शुगर-फ्री' मिठाई मागवली होती. खजूर आणि अंजीर यांच्या त्या वड्यांत वरून घातलेली साखर खरोखरच नव्हती. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग स्वतः साखर असल्यामुळे वरून घालायची गरजच पडत नाही. मात्र न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे, की सीमांतपूजनाच्या आदल्या रात्री घरच्या मंडळींसाठी जे सावजी मटण झाले, त्यात पिष्ट नावालाच होते, आणि त्या रात्रीची माझी साखर पुण्यातल्या कित्येक सात्त्विक रात्रींपेक्षा चांगली आली. माझ्या मते या पाककृतीची वैद्यकाने उपेक्षा केली आहे. त्या रश्श्याने नंतर जे काही केले, तो वेगळ्या तज्ज्ञाचा विषय आहे.

लग्नाच्या दिवशी न्याहारीला तर्री पोहे होते. मी गोळी घेतली, पोह्यांचा डोंगर बाजूला सारून तर्रीतले चणे खाल्ले आणि मुहूर्ताची वाट पाहत बसले. प्रवासासाठी डॉक्टरांनी ती गोळी अर्धी करून दिली होती. परंतु वराचे मित्र भर दुपारी रस्त्यात दोन तास नाचतील, हे त्यांनाही माहीत असणे शक्य नव्हते. मंगलाष्टकांचा पत्ता नव्हता, आणि माझे हात थरथरू लागले, घाम फुटला, समोरचा बँड दूर गेल्यासारखा वाटू लागला. गर्दीतून वाट काढत मी एका कोपऱ्यात गेले, बोट टोचून पाहिले तर साखर ६१. पर्समधली डबी काढून मी ग्लुकोजची पूड तळहातावर घेतली आणि तशीच तोंडात टाकली. तो कोपरा रुखवताचा आहे, हे माझ्या लक्षात आले तेव्हा वरपक्षाच्या बायका रुखवत पाहायला आत शिरत होत्या. लाडू, चिरोटे, अनारसे आणि बत्ताशांचा तुळशीवृंदावन-संच यांच्यामागे वधूची आत्या ओठांना पांढरी पूड लावून उभी आहे, हे दृश्य त्यांनी डोळे भरून पाहिले. "बाप्पा! आत्याबाईंना डायबिटीस आहे म्हणत होते न?" असे एक जण दुसरीला म्हणाली, आणि दुसरीने काही न बोलता चिरोटे मोजले.

पंधरा मिनिटांनी साखर ८४ झाली. त्यानंतरची आपत्ती अशी, की झाला प्रकार भावजयीला समजला आणि 'पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटे' एवढेच शब्द तिच्या लक्षात राहिले. दर पंधरा मिनिटांनी ती सरबताचा पेला घेऊन मला शोधत येऊ लागली. अक्षता टाकतानाही माझ्या डाव्या हातात पेला होता.

जेवणे झाल्यावर मी खोलीत पुन्हा साखर तपासत होते, तेव्हा दार हळूच लोटून भावजयीचे थोरले बंधू, म्हणजे नवरीचे मामा, आत आले. दार लावून घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा माझीही पाहता का? कोणाला सांगू नका." भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले होते, त्यांपैकी बरेच जण त्या कार्यालयात जेवून उठले आहेत, हे मला पुढच्या अर्ध्या तासात समजले. मामांच्या मागून काका आले, काकांच्या मागून विहीणबाईंचे दीर, आणि मघाशी चिरोटे मोजणाऱ्या बाईही. माझे टोचणयंत्र दुसऱ्याच्या बोटाला लावायला मी साफ नकार दिला, कारण ते कोणी कोणाचे वापरायचे नसते. मग भाच्याला औषधाच्या दुकानात पिटाळून एकदाच वापरून टाकायच्या सुयांचा खोका आणि पट्ट्यांची नवी डबी मागवली. बाहेर नवदांपत्याला आहेर देणाऱ्यांची रांग होती, त्याहून माझ्या खोलीबाहेरची लांब झाली. घरच्या यंत्रावर निदान होत नसते, प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त द्या, तिथे १२६ किंवा त्याहून अधिक आले तर डॉक्टरांकडे जा, असे मी प्रत्येकाला सांगत होते, आणि प्रत्येक जण आपल्याआधीच्याची साखर किती आली तेवढेच विचारत होता.

मामांचा आकडा ४१२ आला. खोलीत शांतता पसरली. तेवढ्यात माझे लक्ष त्यांच्या बोटांकडे गेले. ती जिलबीच्या पाकाने चकचकत होती, आणि बोटाला साखर लागलेली असेल तर यंत्र ती साखरही रक्तातच धरते. मी त्यांना साबणाने हात धुऊन, कोरडे करून यायला सांगितले. पुन्हा टोचले. आकडा २३६ आला. हाही काही कमी नाही, उद्याच्या उद्या तपासणी करा, असे मी बजावत असताना मामा भिंतीकडे पाहत मनातल्या मनात वजाबाकी करत होते.

"म्हणजे नुसते हात धुतले तर पावणेदोनशे उतरली!" ते आनंदाने म्हणाले, आणि दार उघडून त्यांनी वाढप्याला जिलबी घेऊन यायला हाक मारली.