‘साधंच केलं, बरं झालं’

आज दुपारी जेवायला आलेल्या एक नातेवाईक बाई हात धुता धुता मला म्हणाल्या, “त्रास नाही घेतला, साधंच केलं, बरं झालं जी वहिनी.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते हे मला कळते, तरी पाहुणे गेल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

साधे म्हणजे काय होते ते सांगते. गोळाभात, म्हणजे वाटलेल्या डाळीचे गोळे वाफवलेला भात, कढी, चिवळीची भाजी, जवसाची चटणी आणि कांदा. चिवळ निवडण्यात कालची अख्खी संध्याकाळ गेली, कारण ही उन्हाळ्यातली भाजी जमिनीलगत पसरते, तिच्या इवल्या पानांत माती अडकते आणि चार पाण्यांतून काढली तरी पाचव्या पाण्याच्या तळाशी रेती दिसतेच. चण्याची डाळ रात्रीच भिजत घातली होती. पण ताटात पनीर नव्हते, म्हणजे मी त्रास घेतला नव्हता! नागपुरात हल्ली लग्न असो की बारसे, पनीर नसेल तर यजमानाने हात आखडला असे समजतात. त्या लाल रश्शाची चव इतवारीपासून प्रतापनगरपर्यंत सगळीकडे एकच लागते, हे बोलायचे मात्र कुणी नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी गोळाभात करायला घेतला. डाळ जाडसर वाटायची ती गुळगुळीत वाटली आणि भातात पाणी खळखळत असतानाच गोळे सोडले. झाकण काढले तेव्हा पातेल्यात गोळा म्हणून काही उरलेच नव्हते. पिवळा लगदा तेवढा होता. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणत असे, ताटाकडे पाहून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पोरी, तेल वाढ.” हिंग, मोहरी आणि लाल मिरच्यांची ती कडकडीत फोडणी त्यांनी लगद्यावर ओतून घेतली आणि मुकाट्याने दोनदा भात घेतला. मला रडू आले ते त्यानंतर.

स्वयंपाकात प्रयोग म्हटले की लोकांना परदेशी भाज्या आणि महागड्या बाटल्या आठवतात. माझे प्रयोग त्या लगद्यापासून सुरू झाले. पाणी जवळजवळ आटल्यावर, मंद आचेवर, वाफेत गोळे ठेवायचे, हे दोन फसलेल्या पातेल्यांनंतर समजले. पुढे डाळीत मूठभर बरबटी, म्हणजे चवळी, भिजवून वाटली, तर गोळे हलके झाले. एकदा मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला घातला, तेव्हा मुलाने ‘औषध’ म्हणून ताट सरकवले. त्याचे बरोबर होते, पाला कडवट लागत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे, म्हणजे बिघडले कुठे ते सापडते. बुधवार बाजारातून येताना पिशवीत जे असेल त्यावर हे चालते. शिवाय डाळीत जे कमी असते ते तांदळात असते आणि तांदळात कमी ते डाळीत, त्यामुळे पोटाचीही काळजी नाही.

नोकरी करून रात्री आठला घरी येणाऱ्या बाईने चिवळ निवडत बसावे असे माझे म्हणणे नाही. आणि हो, चांगले केलेले पनीर मीही खाते. पण ‘साधे’ म्हणजे ‘टाळाटाळ’ हा अर्थ आपल्या शब्दात कधी शिरला? मामाजींना लगदा दिसत नव्हता काय? दिसत होता, त्यांना डाळ भिजवणारे हातही दिसत होते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या बाईंनीही गोळे दोनदा मागून घेतले होते, हे आत्ता आठवले. नंतर चिडल्यामुळे मी ते मोजले नसावे.

उद्या तांदळाऐवजी ज्वारीच्या कण्यांवर गोळे वाफवायचे आहेत. कण्या आत्ताच भिजत घातल्या आहेत, कारण त्या शिजायला वेळ घेतात. भीती एवढीच की त्या मऊ होईपर्यंत पाणी राखायचे म्हटले तर गोळे पुन्हा फुटतील. तुमच्यापैकी कुणी हे केले असेल, तर कण्यांना पाणी किती आणि गोळे केव्हा ठेवायचे, तेवढे सकाळच्या आत सांगा.