‘तीन महिन्यांत बॅटऱ्या संपल्या’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा. ऐन पाणी द्यायच्या दिवसांत चिकोडीकडच्या तुमच्या उसातले मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर बंद पडले, त्याबद्दल माफी मागतो. एकच तारा दिलात, तोही मान्य. पण “दोन वर्षं सांगून तीन महिन्यांत बॅटऱ्या संपल्या, हलके सेल घालून फसवलं, बारातले सहा तर पहिल्यापासून बंद” हे लिहिताना २ मिनिटांची गोष्ट तेवढी राहून गेली.

बसवताना आम्ही दर ३० मिनिटांनी एक नोंद अशी वेळ लावली होती. चौथ्या दिवशी तुमच्या मोबाइलवरून ती २ मिनिटांवर आणली गेली आणि ‘सगळे जागे’ हे बटणही दाबलं गेलं. तारीख-वेळेसह नोंद आहे.

सेन्सर जागा होऊन ओलावा मोजतो आणि रेडिओवरून पाठवतो, त्याला साधारण ३ सेकंद लागतात. तेवढ्यात सरासरी ४० मिलिअँपिअर ओढले जातात, म्हणजे एका खेपेला ०.०३३ एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमधला साठा याच मापात मोजतात). दिवसाच्या ४८ खेपांचे १.६ आणि झोपेतल्या २० मायक्रोअँपिअरचे अर्ध्याच्या आत, मिळून २.१ धरा. सेलवर २६०० छापलेलं असलं तरी आम्ही २०००च धरतो, तरीही अडीच वर्षं निघतात. २ मिनिटांनी ७२० खेपा होतात, रोजचे २४.५ जातात आणि सेल ८२ दिवसांत रिकामा होतो. तुमचे बहुतेक सेल तेवढेच चालले. हलके असते तर तेवढेही चालले नसते.

काळ्या जमिनीत फूटभर खाली ओल पोचायलाच तास लागतात; दर २ मिनिटांनी तोच आकडा बघून काय मिळणार?

ते सहा बंद नव्हते, ‘सगळे जागे’ दाबेपर्यंत झोपलेले होते. एका व्हॉल्ववर दोन सेन्सर असतात, माती एकच, म्हणून एक आठवडा पहिला जागतो आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरा. मोटारघराजवळचे दोन आधी गेले, कारण लांबच्यांचे निरोप तेच गेटवेकडे, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या डब्याकडे, पुढे पाठवतात. हे कामही आळीपाळीने फिरतं, पण ‘सगळे जागे’ केलं की पाळी थांबते. शिवाय अँटेनाचा पाइप तुमच्याच फोटोत ६ फुटांवर दिसतो. ऊस डोक्यावर गेला की १२ फुटांवर न्या, असं सांगितलं होतं. ओल्या पाल्यातून निरोप नीट जात नाही, मग तोच जास्त वेळ घेऊन पाठवावा लागतो.

एक चूक मात्र आमची. मोबाइलवर शेवटपर्यंत ‘बॅटरी चांगली’ दिसत होतं. या लिथियम सेलचा व्होल्टेज अखेरपर्यंत ३.६च्या आसपास राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे व्होल्टेज बघून अंदाज येत नाही. आता खेपा मोजून इशारा देणार आहोत. झोपलेल्या सेन्सरपुढे ‘विश्रांती’ असं लिहून येईल, सेटिंगचं पान मराठी-कानडीत करायचंही चाललंय. ओलावा २ टक्क्यांनी बदलला तरच निरोप जाईल, नाहीतर ६ तासांनी एकदा, असंही करायचं आहे.

बारा सेल या वेळी आमच्याकडून, बदलायची मजुरी घेणार नाही. पुढच्या आठवड्यात येतो. थ्री फेज दिवसा आहे की रात्री तेवढं कळवा, व्हॉल्व चालू असतानाच तपासायचं आहे.