"एक्स्टेन्शन बदललं की झालं" या प्रतिक्रियेला उत्तर

अनोळखी फाइल उघडत नसेल तर आधी काय बघायचं, या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आलीये. लेखाचं सार एवढंच: फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा आणि सुरुवातीची अक्षरं वाचा, ती कसली फाइल आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून जशीच्या तशी देतो.

"एवढं लांबण लावायची गरज नव्हती. एक्स्टेन्शन बदललं की झालं, नाहीतर ऑनलाइन कन्व्हर्टर आहेतच. फाइल नोटपॅडमध्ये उघडायला सांगता, लोकांच्या फायली बिघडल्या तर जबाबदार कोण? सामान्य माणसाला बाइट वगैरे कशाला, उगाच हुशारी दाखवायची. आणि एवढं वाचूनही माझी डॅट फाइल उघडली नाही ती नाहीच."

दोन ओळींत उत्तर देऊन सोडून देणार होतो, पण जमलं नाही.

"उगाच हुशारी" हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या लेखासाठी तीन रविवार गेले, त्यात सांगितलेली एकूण एक फाइल मी स्वतः उघडून, मुद्दाम बिघडवून, परत उघडून बघितली आणि मगच लिहिलं. मुद्दा पटला नसेल तर तसं म्हणा, चूक दाखवा, मी दुरुस्त करेन, आजवर केलंही आहे. पण थेट हेतूवरच यायचं ही कुठली पद्धत? समोर बसून बोलत असतो तर हे वाक्य तोंडातून निघालं असतं का तुमच्या? आणि सामान्य माणसाला बाइट (फाइल ज्या बारीक बारीक तुकड्यांची बनते त्यातला एक तुकडा) कशाला म्हणता, तर ज्याची फाइल अडकलीये तो सामान्य माणूसच असतो ना. त्याला कळणार नाही हे तुम्ही ठरवलंत, मी नाही. पहिली दोन-चार अक्षरं वाचायला कुठलीही पदवी लागत नाही.

नोटपॅडचं मात्र मान्य. फाइलची आधी कॉपी करा आणि कॉपीच उघडा असं मी लिहिलं होतं, पण बंद करताना "सेव्ह करायचं का" विचारलं तर नाही म्हणा, चुकूनही कंट्रोल एस दाबू नका, हे ठळक लिहायला हवं होतं. फोटो किंवा वर्डची फाइल नोटपॅडमधून सेव्ह झाली की त्याला अक्षर म्हणून न कळणारे बाइट बदलून जातात आणि ती फाइल कामातून जाते. लेखात आता तशी ओळ घातलीये. नुसतं उघडून बघितल्याने मात्र काही बिघडत नाही, हेही तितकंच खरं.

आता ते वाक्य. "एक्स्टेन्शन बदललं की झालं."

अहो, काय झालं? एक्स्टेन्शन हा फाइलच्या नावाचा शेवटचा, डॉटनंतरचा तुकडा आहे, जसं जेपीजी किंवा पीडीएफ. तो बघून विंडोज ठरवतं की फाइल कुठल्या प्रोग्रामकडे द्यायची, बस. तो बदलल्याने आतला एक बाइटसुद्धा हलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या तांदळाची डाळ होत नाही.

तुम्ही म्हणाल, मी बदललं आणि चाललं की. चालतं, कधी कधी चालतं, आणि का चालतं तेच तर मी लेखात सांगत होतो. पीएनजी फोटोला जेपीजी नाव दिलं तरी बरेच प्रोग्राम तो बिनतक्रार दाखवतात, कारण ते नावावर विश्वास न ठेवता फाइलची सुरुवात वाचतात. जेपीजी असेल तर पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात (एकेक बाइट असा दोन चिन्हांत लिहायची पद्धत आहे). पीडीएफ असेल तर टक्क्याची खूण आणि पुढे पीडीएफ अशी अक्षरं दिसतात. जिफ असेल तर जिफ८७ए किंवा जिफ८९ए, म्हणजे ती पद्धत १९८७ ची की १९८९ ची हेसुद्धा फाइल स्वतःच सांगते. पीएनजीचे पहिले आठ बाइट तर फार विचार करून ठेवलेत, त्यात ओळ संपल्याच्या दोन्ही प्रकारच्या खुणा मुद्दाम घातल्यात, म्हणजे फाइल पाठवताना मध्येच कुणी तिला मजकूर समजून त्या खुणा बदलल्या तर सुरुवातीलाच पकडलं जावं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ज्याने कुणी हे सुचवलं त्याला मनातल्या मनात हात जोडले होते. तर तुमचं जे चाललं ते नाव बदलल्याने नाही, प्रोग्रामने आत डोकावून बघितलं म्हणून. तो जे करतो तेच तुम्ही करा एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि एक. विंडोज ओळखीच्या प्रकारांचं एक्स्टेन्शन मुळात दाखवतच नाही, तशीच सेटिंग असते. म्हणून लोक अहवाल या वर्ड फाइलला अहवाल डॉट पीडीएफ नाव देतात, प्रत्यक्षात ती होते अहवाल डॉट पीडीएफ डॉट डॉकएक्स, आणि मग पीडीएफ उघडत नाही म्हणून मला मेल येतो. २००० साली आय लव्ह यू नावाचा व्हायरस जगभर पसरला त्यातही हीच गोम होती, फाइल दिसायची साधी टीएक्सटी, खरं एक्स्टेन्शन व्हीबीएस, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्राम, पुढे लपलेलं. त्यामुळे एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग आधी चालू करा, नावाला हात नंतर लावा.

मी या वाक्यावर एवढा का अडकलोय तेही सांगतो. वडील गेले त्यानंतर त्यांचा पेनड्राइव्ह उघडेना. चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम, चालवल्यावर तो उघडला, पण आतले फोल्डर गायब आणि त्याऐवजी फाउंड डॉट ०००  नावाचं एकच फोल्डर, त्यात फाइल००००, फाइल०००१ अशा ओळीने फायली, सगळ्यांचं एक्स्टेन्शन सीएचके. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. ओळखीतल्या एका जाणकार माणसाने अगदी तुमचंच वाक्य सांगितलं, सगळ्यांचं एक्स्टेन्शन जेपीजी कर, झालं. केलं. अर्ध्याहून जास्त फोटो धडाधड दिसले, इतका आनंद झाला की काय सांगू. उरलेल्या उघडेनात, तर तो म्हणाला त्या खराब झाल्यात, काढून टाक. मी काढून टाकल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याच दिवशी दुसरे फोटो भरले.

त्यातली एक फाइल आधीच डेस्कटॉपवर कॉपी झालेली होती म्हणून वाचली. कितीतरी महिन्यांनी ती सहज नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीलाच पीके ही दोन अक्षरं, मग चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं, आणि त्या गिचमिडीत मध्येच स्वच्छ लिहिलेलं, वर्ड, तिरकी रेघ, डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल. पीके म्हणजे फिल कॅट्झ, अनेक फायली आवळून एकात बांधायची झिप पद्धत ज्याने १९८९ मध्ये आणली त्याच्या नावाची आद्याक्षरं, आणि ऑफिस २००७ पासूनची वर्डची डॉकएक्स फाइल आतून झिपच असते. शेवटी डॉकएक्स लावलं आणि फाइल उघडली. वडिलांनी लिहायला घेतलेल्या लहानपणच्या आठवणींचं ते चौथं प्रकरण होतं. आधीची तीन आणि नंतरची जी काही असतील ती मी स्वतःच्या हाताने डिलीट केली होती, फोटो नाहीत म्हणून.

आता सांगा, ते दोन बाइट मला आधी कुणी वाचायला शिकवले असते तर ती हुशारी दाखवणं झालं असतं? हो, मीही शेवटी एक्स्टेन्शनच बदललं. पण आत काय आहे ते बघून मग बदललं. तुमच्या-माझ्यात वाद आहे तो एवढाच, पण तो एवढासा नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल फार बोलत नाही. ज्या फाइलमध्ये काय आहे हेच माहीत नाही ती परक्याच्या सर्व्हरवर चढवायची, हे मला पटत नाही, तुम्हाला पटत असेल तर करा. लांबणीबद्दल काय बोलू, वाचायची सक्ती नव्हती.

राहिली तुमची डॅट फाइल. तिचं पूर्ण नाव सांगितलं नाहीत, कुठून आली सांगितलं नाहीत, पहिली अक्षरं काय दिसली तेही नाही, आणि उघडली नाही याचा दोष मात्र लेखाला. डॅट हे काही एका प्रकारचं नाव नाही, कुठलाही प्रोग्राम आपल्या कसल्याही माहितीला ते लावतो. पण ती मेलबरोबर आली असेल आणि नाव विनमेल डॉट डॅट असेल तर ऐका. पाठवणाऱ्याच्या आउटलुकने (मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्राम) मेल रिच टेक्स्ट या त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये पाठवलाय आणि खरी अटॅचमेंट त्या डॅटच्या पोटात बांधली गेलीये, आउटलुक सोडून बऱ्याच मेल प्रोग्रामना ती सोडवता येत नाही. तिचं नाव पीडीएफ करा नाहीतर आणखी काही करा, उघडणार नाही. पाठवणाऱ्याला सांगा, मेलचा फॉरमॅट एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट कर आणि तीच फाइल परत पाठव. नाव दुसरं काही असेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळीत जे वाचता येईल तेवढं इथे खाली लिहा, मी बघतो. आणि तोपर्यंत मूळ फाइल डिलीट करू नका.